चित्रपटगृहातील एक सूचना आणि तिसरे रसविघ्न

१

चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर जे काही दाखवले जाते त्याची दखल चित्रपटसमीक्षा सहसा घेत नाही. समीक्षेचा विषय श्रेयनामावलीपासून सुरू होतो आणि त्याआधीचे सारे व्यवस्थापनाच्या खात्यात जमा होते, अशी एक अलिखित समजूत आहे. ग्रंथाच्या बाबतीत ही समजूत केव्हाच मागे पडली. शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर यांचा संहितेच्या वाचनावर कसा परिणाम होतो, याचा पद्धतशीर विचार जेरार जनेत यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आणि त्या ग्रंथाला 'उंबरठे' या अर्थाचे नाव दिले. उंबरठा घरात मोडत नाही आणि रस्त्यावरही मोडत नाही; परंतु घरात शिरणाऱ्याला तो ओलांडावाच लागतो. चित्रपटालाही असा उंबरठा आहे, आणि त्यावर उमटणाऱ्या मजकुरांपैकी एक मजकूर रसव्यवहाराच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. तो म्हणजे भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची सूचना.

भारतीय चित्रपटगृहात या उंबरठ्यावर बरीच दाटी असते. प्रथम जाहिराती येतात. २०१२ पासून तंबाखूच्या दुष्परिणामांविषयीचे आरोग्यसंदेश येतात. महाराष्ट्रात २००३ पासून राष्ट्रगीताची प्रथा सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ते देशभर सक्तीचे केले आणि जानेवारी २०१८ मध्ये ही सक्ती मागे घेऊन ते ऐच्छिक ठरवले. त्यानंतर प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र, घटना व पात्रे काल्पनिक असल्याचा खुलासा आणि आभारांची यादी येते. यांतील प्रत्येक मजकूर समोरच्या माणसाशी बोलतो. परंतु प्रत्येक मजकुराच्या मनातला माणूस वेगळा असतो. जाहिरात ग्राहकाशी बोलते, आरोग्यसंदेश व्याधी जडू शकणाऱ्या देहाशी बोलतो, राष्ट्रगीत नागरिकाला उभे करते, आणि प्रमाणपत्र व खुलासा यांचा संवाद मुख्यतः कायद्याशी चालतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला केवळ प्रेक्षक म्हणून संबोधणारा मजकूर या सगळ्यांत एकच आहे. भ्रमणध्वनी बंद ठेवा, असे सांगणारी सूचना त्याला म्हणते की, आता येथे काही पाहिले जाणार आहे आणि ते पाहण्यासाठी तुमच्याकडून काहीतरी हवे आहे. म्हणूनच ही सूचना शिष्टाचाराची बाब समजून सोडून देता येत नाही. प्रेक्षक म्हणजे कोण, याविषयीचा एक सिद्धान्त तिच्यात गृहीत धरलेला आहे. तो सिद्धान्त अपुरा आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम सूचनेची भाषा पाहू गेल्यास तिची दोन रूपे आढळतात. 'मोबाईल बंद करा' हे एक रूप आणि 'भ्रमणध्वनी बंद ठेवावेत, ही नम्र विनंती' हे दुसरे. पहिल्यात आज्ञार्थ आहे, दुसऱ्यात विध्यर्थ. आज्ञार्थात बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर उभे असतात. विध्यर्थात बोलणारा मागे सरतो आणि कर्तव्य तेवढे पुढे राहते. 'मोबाईल' हा शब्द खिशातल्या वस्तूचा आहे. 'भ्रमणध्वनी' हा शब्द मात्र कोणाच्याच खिशात नसतो. तो निमंत्रणपत्रिकेवर, शासकीय पत्रकात आणि नाट्यगृहाच्या ध्वनिक्षेपकावर असतो. त्यामुळे दुसऱ्या रूपात सूचना अधिक सभ्य होते, पण ऐकणाऱ्याच्या खिशापासून थोडी दूरही जाते.

याहून महत्त्वाचा फरक 'करणे' आणि 'ठेवणे' या क्रियापदांत आहे. 'बंद करणे' ही क्षणात संपणारी कृती आहे, तर 'बंद ठेवणे' हे काही काळ टिकवायचे वर्तन आहे. दार बंद केले की काम संपते. दार बंद ठेवायचे तर त्याकडे लक्ष असावे लागते. इंग्रजीत हे सांगण्यासाठी जी क्रियापदे वापरली जातात ती बहुधा कळ दाबण्याच्या कृतीची आहेत. मराठी सूचना 'ठेवावेत' म्हणते तेव्हा ती कळ दाबण्यापलीकडे जाऊन दोन-अडीच तासांचा एक अल्पसा नियम घ्यायला सांगते. भाषेने नकळत व्यक्त केलेली ही समज सूचनेच्या व्यावहारिक हेतूपेक्षा मोठी आहे.

तथापि सूचनेत पुढे एक उभयान्वयी अव्यय शिरले आणि त्याने ही समज पुसून टाकली. 'बंद ठेवावेत किंवा निःशब्द करावेत' यातील 'किंवा' म्हणजे वरवर पाहता प्रेक्षकाला दिलेली सवलत आहे. वस्तुतः ते एका भूमिकेतून घेतलेली माघार आहे. निःशब्द केलेला भ्रमणध्वनी बंद नसतो. तो वाजत नाही एवढेच. या 'किंवा'मुळे सूचनेचा आशय 'येथे असावे' असा न राहता 'शेजाऱ्याला ऐकू येऊ नये' असा होतो. भारतात भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली ती ३१ जुलै १९९५ रोजी. तेव्हाचे यंत्र बोलण्याचे आणि वाजण्याचे होते. २००७ नंतर स्पर्शपडद्याचे यंत्र सार्वत्रिक होत गेले आणि व्यत्ययाचे स्वरूप पालटले. आता आवाज क्वचित होतो. अंधारात एक चौकोन उजळतो आणि एक मान खाली जाते. सूचना मात्र अजूनही कानाचीच काळजी करते.

मराठीच्या आणखी एका प्रयोगाकडे येथे लक्ष वेधले पाहिजे. 'मी फोन केला' यात कर्ता आहे. 'मला फोन आला' यात नाही. मराठीत फोन 'येतो', जसा पाहुणा येतो. वाक्याची घडण मात्र 'मला हसू आले', 'मला रडू आले', 'मला गहिवरून आले' या वाक्यांच्या जातीची आहे. अनुभवणारा चतुर्थीत जातो आणि अनुभव त्याच्याकडे चालत येतो. चित्रपटाची सारी खटपट प्रेक्षकाला रडू यावे, हसू यावे यासाठी असते. आणि नेमक्या त्याच व्याकरणिक जागेवर फोनही येऊन उभा राहतो. एकाच 'मला'वर दोघांचा दावा असतो. सूचनेचा खरा प्रसंग हा आहे, ध्वनिप्रदूषणाचा नव्हे.

३

प्रेक्षकाला पडद्यावरून वागणूक शिकवण्याची प्रथा भ्रमणध्वनीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. मूकपटांच्या काळात, स्त्रियांनी टोप्या काढाव्यात अशा विनंतीच्या काचपट्ट्या अमेरिकेतील चित्रपटगृहांत दाखवल्या जात. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०९ साली 'दोज ऑफुल हॅट्स' नावाचा काही मिनिटांचा विनोदी चित्रपट केला. त्यात एका लहानशा चित्रपटगृहात स्त्रिया भल्यामोठ्या टोप्या घालून बसतात, मागच्यांना काही दिसत नाही, आणि अखेर वरून एक यांत्रिक जबडा उतरून टोप्या उचलून नेतो. शेवटी टोप्या काढण्याची विनंती आहे. १९६० साली 'सायको' प्रदर्शित करताना आल्फ्रेड हिचकॉक यांनी, चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा नियम चित्रपटगृहांकडून पाळून घेतला. टोपी ही दृष्टीच्या आड येणारी वस्तू होती. उशिरा येणे ही कथेच्या आड येणारी कृती होती. दोन्ही प्रसंगी अडथळा एकाचा आणि हानी दुसऱ्याची, किंवा फार तर कथेच्या रचनेची, असे साधे गणित होते. भ्रमणध्वनीविषयीच्या सूचनेने हेच गणित वारशाने घेतले. तिच्या लेखी भ्रमणध्वनी ही वाजणारी टोपी आहे.

चित्रपटाला अशी सूचना नाटकापेक्षा अधिक निकडीची का वाटते, हेही पाहिले पाहिजे. रंगमंचावरील नट व्यत्यय ओळखू शकतो. २०१९ साली सुमीत राघवन आणि सुबोध भावे या अभिनेत्यांनी नाट्यप्रयोगात वाजणाऱ्या भ्रमणध्वनींविषयी आपली नाराजी उघडपणे मांडली होती आणि मराठी रसिकांत त्यावर बरीच चर्चा झाली. नट थांबू शकतो, रोखून पाहू शकतो, प्रयोग पुढे न नेण्याचा विचार करू शकतो. पडद्यावरची प्रतिमा हे काहीच करू शकत नाही. तिला आपण पाहिले जात आहोत हे ठाऊक नसते, तसे आपण पाहिले जात नाही हेही ठाऊक नसते. प्रेक्षकाचे लक्ष उडाले म्हणून मरणारे पात्र क्षणभर थांबत नाही. म्हणून चित्रपटाला जे काही म्हणायचे ते आधीच म्हणून ठेवावे लागते. ही सूचना म्हणजे चित्रपटाने नटाच्या वतीने आगाऊ बोललेले वाक्य होय.

या अर्थी तिचे नाते पूर्वरंगाशी आहे. नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाची एकोणीस अंगे सांगितली आहेत. त्यांतील नऊ यवनिकेच्या आत आणि दहा यवनिकेबाहेर करावयाची आहेत. वाद्ये मांडणे, सूर जुळवणे, नांदी म्हणणे या साऱ्यांतून रस्त्यावरून आलेल्या माणसाचा प्रेक्षक होत असे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा नांदीची ही परंपरा मराठी संगीत नाटकाने आपलीशी केली. पुढे गद्य आणि वास्तववादी नाटकाने नांदी सोडली. तिसरी घंटा राहिली. आणि घंटेच्या मागेपुढे, नांदीच्या रिकाम्या जागी, भ्रमणध्वनीची सूचना येऊन बसली. चित्रपटाला तर नांदी कधीच नव्हती. त्यामुळे प्रेक्षक घडवण्याचे जे काम एकोणीस अंगे मिळून करीत, ते एका वाक्यावर येऊन पडले आहे.

४

शांतता हा भारतीय प्रेक्षकाचा स्वभाव कधीच नव्हता, आणि मूक, एकाग्र, अंधारात विरघळून गेलेला प्रेक्षक हा पाश्चात्त्य मध्यमवर्गीय आदर्श येथे लादला जात आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आक्षेपात तथ्य आहे. शिट्ट्या, टाळ्या, पडद्यावर उधळलेली नाणी, संवाद पात्राच्या आधी म्हणून टाकणे, गाण्याला ठेका धरणे, लहान मुलांचे रडणे हे एकपडदा चित्रपटगृहांचे वातावरण होते आणि अनेक ठिकाणी अजून आहे. लक्ष्मी श्रीनिवास यांनी 'हाउस फुल' (२०१६) या ग्रंथात बंगळूरच्या चित्रपटगृहांतील अशा सक्रिय प्रेक्षकांचे समाजशास्त्रीय वर्णन केले आहे. या प्रेक्षकाला अडाणी ठरवून बहुपडदा चित्रपटगृहातील महागड्या शांततेला रसिकता म्हणायचे, तर ती वर्गीय अभिरुची ठरेल. तिला सौंदर्यविचार म्हणता येणार नाही.

परंतु हा आक्षेप भ्रमणध्वनीला लागू पडत नाही, आणि तो का पडत नाही हे भरतानेच दाखवून ठेवले आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे दोन प्रकार केले आहेत. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या वाणीतून आणि शरीरातून प्रकट होते: स्मित, अर्धहास्य, मोठ्याने हसणे, 'साधु' म्हणणे, 'अहो' म्हणणे, हळहळणे, गलका करणे; तसेच रोमांच येणे, आसनावरून उठणे, वस्त्रे नि अंगठ्या नटांकडे फेकणे. दैवी सिद्धी याहून वेगळी: रंगमंडप भरलेला आहे, आणि आवाज नाही, गडबड नाही, काही विपरीत घडत नाही. म्हणजे भरताच्या दृष्टीने गलका आणि निःशब्दता हे शत्रू नव्हेत. त्या एकाच यशाच्या दोन खुणा आहेत. पडद्यावर नाणी उधळणारा प्रेक्षक वस्त्र फेकणाऱ्या प्रेक्षकाचा वंशज आहे. त्याचा आवाज पडद्याच्या दिशेने जातो.

भ्रमणध्वनीचा प्रकाश पडद्याच्या दिशेने जात नाही. शिट्टी मारणारा माणूस आहे तेथेच असतो, किंबहुना जरा जास्तच असतो. उजळलेल्या चौकोनाकडे पाहणारा माणूस तेथे नसतो. भरताने घातांचीही यादी दिली आहे. त्यात दैवी घात आहेत, नटाच्या चुकांमुळे होणारे आहेत, शत्रूंनी मत्सराने केलेले आहेत. भ्रमणध्वनी पाहणारा प्रेक्षक यांपैकी कोठेच बसत नाही. तो देव नाही, नट नाही आणि शत्रू तर नाहीच. तो स्वखुशीने तिकीट काढून आलेला आहे. बहुधा ते तिकीटही त्याच भ्रमणध्वनीवर आहे. दाराशी जे यंत्र प्रवेशपत्र म्हणून दाखवावे लागते, तेच आत गेल्यावर निषिद्ध ठरते, हा विरोधाभास सूचना लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेला दिसत नाही.

५

भरताच्या यादीत जे सापडत नाही ते अभिनवगुप्ताच्या यादीत सापडते. 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. संभाव्यतेचा अभाव हे पहिले. अनुभव केवळ माझा किंवा केवळ दुसऱ्याचा मानून विशिष्ट देशकालात अडकणे हे दुसरे. आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे तिसरे. उरलेली चार मुख्यतः प्रतीतीच्या साधनांशी, स्पष्टतेशी, प्राधान्याशी आणि संशयाशी निगडित आहेत. दुसरे विघ्न प्रेक्षकाच्या दृष्टीचे आहे. ते दूर व्हावे म्हणून पूर्वरंग आणि प्रस्तावना असते, नट हा नट आहे हे आधी दाखवून मग वेषाने झाकले जाते. तिसरे विघ्न अधिक घरगुती आहे. ज्याचे मन स्वतःच्या सुखात किंवा दुःखात गुंतले आहे त्याची जाणीव दुसऱ्या वस्तूत विसावणार कशी, असा अभिनवगुप्ताचा प्रश्न आहे.

भ्रमणध्वनी हे या तिसऱ्या विघ्नाचे मूर्त रूप आहे. कार्यालय, कर्जाचा हप्ता, मुलाचा निकाल, कोणी पाठवलेला नि कोणी न पाठवलेला निरोप हे सारे पूर्वीही प्रेक्षकाबरोबर चित्रपटगृहात येतच होते. पण मनात येत होते, आणि मनातली गोष्ट अंधारात हळूहळू मागे पडू शकते. आता ते सारे एका वस्तूत साठवलेले असते आणि ती वस्तू मांडीवर असते. तिला हात लावण्यासाठी आठवण यावी लागत नाही. ती स्वतःच आठवण करून देते. हे यंत्र दुसऱ्याला त्रास देते म्हणून विघ्न नव्हे. ते धारकाचे 'निज' त्याच्या हाती देते म्हणून विघ्न.

या विधानाची कसोटी एका प्रत्यक्ष उदाहरणावर घेता येते. ऑस्ट्रियन चित्रपटकार पीटर कुबेल्का यांनी १९७० साली न्यूयॉर्क येथे अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्जसाठी 'अदृश्य चित्रपटगृह' रचले. काळ्या रंगात बुडवलेल्या त्या प्रेक्षागृहात प्रत्येक खुर्चीच्या दोन्ही बाजूंना आडोसे होते. प्रेक्षकाला शेजारी दिसू नये, फक्त पडदा दिसावा, ही योजना होती. अशा खुर्चीत बसून कोणी निःशब्द केलेला भ्रमणध्वनी पाहू लागला, तर शेजाऱ्याला फारसा उपद्रव होणार नाही. रूढ सूचनेचे सारे समर्थन येथे संपते. तरीही चित्रपट पाहिला जात आहे असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे शेजारी वजा केला तरी विघ्न उरते; ते शेजाऱ्याचे नव्हतेच.

यावर मराठी वाङ्मयविचारातूनच एक प्रतिवाद संभवतो. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाचे स्वरूप 'सविकल्प समाधी' असे वर्णिले. वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या अनुभवाशी एकरूप होतो. दोन्ही भूमिकांवर एकाच वेळी असण्यातून आनंद निपजतो, असा त्याचा आशय. मग पडदा आणि भ्रमणध्वनी या दोहोंत विभागलेला प्रेक्षकही सविकल्प अवस्थेतच नाही काय? वॉल्टर बेंजामिन यांनी तर १९३६ च्या सुप्रसिद्ध निबंधात चित्रपटाचा प्रेक्षक हा परीक्षक असला तरी विचलित चित्ताचा परीक्षक आहे, असे म्हणून त्या विचलिततेचे स्वागत केले होते. उत्तर असे की, केळकरांच्या कल्पनेत 'स्व' आणि 'पर' हे एकाच अनुभवाचे दोन पदर आहेत. पात्राचे दुःख पाहताना स्वतःचे दुःख जागे होते आणि त्याला अर्थ मिळतो. भ्रमणध्वनीवरचे 'स्व' पडद्यावरच्या 'परा'ला कोठेच स्पर्श करीत नाही. तेथे विकल्प उरतो, समाधी उरत नाही. आणि बेंजामिन यांना अभिप्रेत असलेली विचलितता समूहाची होती, एका पडद्यासमोर एकत्र हसणाऱ्या लोकांची. दोनशे माणसे दोनशे वेगवेगळ्या पडद्यांनी विचलित होतात तेव्हा समूहच विरून जातो.

लुई अल्थ्युसर यांनी १९७० साली, रस्त्यात पोलिसाने 'अहो' म्हणून मारलेल्या हाकेचे उदाहरण देऊन, व्यक्ती हाकेला वळते तेव्हा ती विशिष्ट 'विषयी' बनते, असे प्रतिपादिले. अंधाऱ्या चित्रपटगृहात दोन हाका येतात. सूचना 'प्रेक्षकहो' म्हणून अनेकवचनी हाक मारते. भ्रमणध्वनी एकाच माणसाला, त्याच्या नावाने, त्याच्या निवडीच्या सुरात हाक मारतो. नावाने आलेली हाक अनेकवचनी हाकेवर मात करते यात नवल नाही. चित्रपटाचे मूळ आश्वासन हे असते की, काही काळ कोणी नावाने हाक मारणार नाही, आणि त्या निनावी अवस्थेत दुसऱ्या कोणाचे नाव धारण करता येईल. आजच्या माणसाला हे आश्वासन सुखाचे वाटेल की भीतीचे, हा प्रश्न सूचनेच्या मुळाशी आहे.

६

विघ्नांशी कसे वागावे याचे दोन मार्ग नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात दिसतात. आद्य प्रयोग चालू असताना विरूपाक्षप्रमुख विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले; तो दंड 'जर्जर' म्हणून पुढे रंगपूजेत मान पावला. पण विघ्ने संपली नाहीत. नाट्यगृह बांधून झाल्यावर ब्रह्मदेवाने त्यांच्याशी सामोपचाराने बोलणे केले. या नाट्यात आमचा अवमान आहे, अशी त्यांची तक्रार होती. हे नाट्य केवळ देवांचे नाही, त्यात तिन्ही लोकांचे भाव आहेत, तुमचेही आहेत, असे त्याने त्यांना समजावले. पहिल्या नाट्यप्रयोगाची कथा व्यत्ययाची कथा असावी आणि तिची परिणती दंडात न होता समजावणीत व्हावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

भ्रमणध्वनीच्या बाबतीत जर्जर उगारून झाला आहे. फ्रान्समध्ये २००४ साली चित्रपटगृहांना संदेशरोधक यंत्रे बसवण्याची मुभा देण्याचे जाहीर झाले. अमेरिकेत अशी यंत्रे कायद्याने निषिद्ध आहेत. टेक्सासमधील अलामो ड्राफ्टहाउस या चित्रपटगृह-समूहाने भ्रमणध्वनी वापरणाऱ्यास बाहेर काढण्याचा नियम केला आणि २०११ साली, बाहेर काढल्या गेलेल्या एका प्रेक्षकाचा संतप्त ध्वनिमुद्रित निरोप हाच सूचनापट म्हणून पडद्यावर दाखवला. उलट एप्रिल २०१६ मध्ये एएमसी या मोठ्या अमेरिकी समूहाचे प्रमुख ॲडम ॲरन यांनी काही प्रेक्षागृहांत संदेश पाठवण्यास परवानगी देण्याचा विचार बोलून दाखवला. तरुण प्रेक्षकाला भ्रमणध्वनी बंद करायला सांगणे म्हणजे हात कापून टाकायला सांगण्यासारखे वाटते, अशा आशयाचे त्यांचे समर्थन होते. प्रेक्षकांच्या रोषामुळे काही दिवसांतच त्यांनी तो विचार सोडला. धोरण म्हणून ते फसले, पण निदान म्हणून त्यांची उपमा अचूक होती. सूचना ज्याला वस्तू समजते तो आता अवयव आहे, हे त्यांनी ओळखले होते.

सामोपचाराचा मार्ग वेगळ्याच ठिकाणी चोखाळला गेला. ब्रिटनमधील ऑरेंज या भ्रमणध्वनी कंपनीने २००३ पासून काही वर्षे तेथील चित्रपटगृहांत लघुपटांची एक मालिका दाखवली. तिचा साचा ठरलेला असे. कॅरी फिशर, पॅट्रिक स्वेझी यांसारखा एखादा नामांकित कलावंत कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे चित्रपटाची कल्पना मांडतो; अधिकारी ती कौतुकाने ऐकतात आणि कथेत जागोजागी भ्रमणध्वनी घुसडू लागतात; कल्पनेचा चुथडा होतो. शेवटी सूचना येते की, भ्रमणध्वनीला तुमच्या चित्रपटाची वाट लावू देऊ नका, कृपया तो बंद करा. ऑस्टिन यांच्या परिभाषेत (१९६२) बोलायचे तर येथे वाक्कृतीच्या प्रामाणिकपणाची अट उघडपणे मोडलेली आहे. भ्रमणध्वनी विकणाराच तो बंद करायला सांगतो आहे. परंतु ही अप्रामाणिकता लपवलेली नाही. विनोद तिच्याच जोरावर उभा आहे. शिवाय त्या वाक्याला दोन अर्थ आहेत. भ्रमणध्वनी चित्रपट बाहेरून बिघडवतो तसा आतूनही, जाहिरातदाराच्या पैशाच्या रूपाने, बिघडवू शकतो. प्रेक्षकाला दटावणारी सूचना येथे स्वतःच्या धन्याकडेही बोट दाखवते.

ही मालिका अखेर जाहिरातच होती, हे विसरता कामा नये. तरीही तिने एक गोष्ट नेमकी साधली: सूचना देता देता प्रेक्षकाला हसवले, म्हणजेच त्याला प्रेक्षक करून मगच त्याच्याकडून प्रेक्षकपणाची मागणी केली. अभिनवगुप्ताने तिसऱ्या विघ्नावर सांगितलेला उपायही निषेधाचा नाही. वाद्ये, गायन, विचित्र शोभेचा मंडप, कुशल कलावंतिणी यांच्या योगे मनाला रंगवणे, 'उपरंजन', हा तो उपाय आहे. स्वतःच्या सुखदुःखात बुडालेल्या माणसाला 'ते सोड' असे सांगून ते सुटत नाही. त्याला दुसरे काही इतके रंगून दाखवावे लागते की हातातले आपोआप सैल पडते.

७

या विवेचनाची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. ज्याच्या घरी कोणी अत्यवस्थ आहे, जी आई तान्हे मूल मागे ठेवून पहिल्यांदाच बाहेर पडली आहे, जो वैद्य रुग्णालयाच्या हाकेला बांधलेला आहे, त्यांच्या दृष्टीने भ्रमणध्वनी हे कर्तव्य आहे. रूढ सूचना या माणसांना आणि कंटाळ्याने पडदा चाळणाऱ्याला एकाच वाक्यात बसवते. रसविचार मात्र त्यांच्यात भेद करू शकतो. पहिल्यांचे दुःख किंवा दायित्व यंत्राआधीचे आहे. यंत्र काढून घेतले तरी त्यांचे मन विसावणार नाही, किंबहुना यंत्र जवळ आहे म्हणूनच ती माणसे थोडीफार तरी पडद्याकडे पाहू शकतात. दुसऱ्याच्या बाबतीत यंत्रच अस्वस्थता निर्माण करते आणि तीवर उताराही तेच पुरवते. सौंदर्यशास्त्राने पहिल्यांवर अरसिकतेचा ठपका ठेवू नये. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांची जी मांडणी केली, तिच्या प्रकाशात पाहता असे दिसते की, भ्रमणध्वनीची सूचना प्रेक्षकाकडून काही काळापुरती अलौकिकता मागते. आणि ज्याला लौकिकातून क्षणभरही सुटका नाही, त्याच्याकडे ही मागणी करण्याचा अधिकार कलेला कोठवर आहे, हा प्रश्न खुलाच राहतो.

उरतो तो सर्वसाधारण प्रेक्षक. त्याच्यासाठी लिहिलेली सूचना आज शेजाऱ्याच्या सोयीचे कारण पुढे करते, आणि यंत्र निःशब्द झाले की ते कारण जवळजवळ संपते. सूचनेने आपले खरे कारण बोलून दाखवले, तर ती त्याला सांगेल की, तुम्ही हा वेळ आणि हा अंधार विकत घेतला आहे, आणि ज्याच्यापासून थोडे दूर जावे म्हणून घेतला, तेच मांडीवर ठेवून बसू नका. चित्रपटगृहापेक्षा घरच्या पडद्यावर, हव्या त्या क्षणी थांबवून, चित्रपट पाहण्याची सवय रुळत असताना या वाक्याचे महत्त्व वाढते. घरात कोणी सूचना देत नाही, आणि म्हणून तेथे पूर्वरंगही नाही. न थांबणाऱ्या प्रतिमेसमोर अनोळखी माणसांसह बसणे एवढेच चित्रपटगृहापाशी वेगळे उरले आहे. त्या बसण्याची अट सांगणारे वाक्य व्यवस्थापनाने लिहायचे की चित्रपटकाराने, याचा विचार चित्रपटकारांनी अजून गंभीरपणे केलेला दिसत नाही. नांदी लिहिणे हे एके काळी नाटककाराचे काम होते.